दान दिलेली वस्तू संस्थेने विकली, तर ती फसवणूक का?

प्रश्न कोथरूडच्या एका ताईंचा आहे. आई गेल्यानंतर त्यांनी तिच्या साड्या, तांब्याचा बंब आणि शेवटच्या आजारपणात घेतलेली व्हीलचेअर एका संस्थेला दिली. सामान न्यायला आलेल्या मुलाने 'गरजूंपर्यंत पोहोचेल' एवढंच सांगितलं. पुढे त्याच संस्थेच्या विक्री केंद्रात आईचा शालू अठराशे रुपयांची चिठ्ठी लावून टांगलेला दिसला आणि व्हीलचेअरही विकली गेल्याचं कळलं. हे योग्य आहे का, आणि घरात उरलेली चार कपाटं पुस्तकं आता कुणाला द्यावीत, असं त्या विचारतात.

ताई, आधी उत्तर देते, कारणं मागाहून. शालू विकला यात गैर काही नाही. विकणार आहोत हे तुम्हाला दारात सांगितलं नाही, हे गैर. व्हीलचेअर विकली ती मात्र तुम्हाला सांगून विकली असती तरी मला पटलं नसतं.

मी पुण्यातल्या एका संस्थेचा वस्तुदानाचा विभाग बरीच वर्षं सांभाळते आहे. लोक आणून देतात ते घ्यायचं, निवडायचं आणि कशाचं काय करायचं ते ठरवायचं, हे काम. तेव्हा मी काही तटस्थ नाही, विकणाऱ्यांच्या बाजूची आहे. पण विकणाऱ्यांच्या खोड्याही आतून पाहिलेल्या आहेत.

विकावं का लागतं, ते निवडणीच्या टेबलाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पितृपक्षात गेलेल्या माणसांचे कपडे येतात, नवरात्राआधी घरोघरची साफसफाई येते आणि दिवाळीपर्यंत पिशव्यांना जागा पुरत नाही. पिशवी उलटी केली की काय पडतं? ब्लेझर. लग्नात एकदाच घातलेला घागरा. कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट, इलॅस्टिक गेलेल्या लेगिंग्ज, वर्षाच्या आतल्या बाळाचे लोकरी कपडे, आणि एका पायाची चप्पल. मागणी कशाला असते? सुती साडी, मोठ्या माणसाची साधी पँट, चादर, गणवेश, ताडपत्री. आणि परकर. साड्या ढिगाने येतात, परकर कुणी देत नाही, आणि सोबतचा ब्लाउज दुसरीच्या मापाचा असतो. ज्या बाईला आपण साडी 'दान' केली, तिला ती नेसायची तर आधी परकर विकत घ्यावा लागतो.

म्हणजे जे येतं ते आणि जे हवं ते, यांची गाठ क्वचित पडते. घागरा वेल्ह्याच्या वाडीवर नेऊन वाटता येईल, टेम्पोचं भाडं भरून. तिथे तो कुठल्या तरी खुंटीवर वर्षभर लटकेल. त्यापेक्षा तो इथेच हौसेने घेणाऱ्या मुलीला विकून त्या पैशात परकर आणि चादरी घेतल्या तर वाडीचं भलं जास्त होतं. २००४च्या त्सुनामीनंतर नागपट्टणमच्या बाजूला देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून होते. कोळ्यांच्या बायकांना ते नको होते. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता.

काही संस्था विकत नाहीत आणि फुकट वाटतही नाहीत. दिल्लीची 'गूंज' ही त्यातली सगळ्यांना ठाऊक असलेली. अंशू गुप्ता यांनी ती १९९९ साली सुरू केली. गावाने विहीर उपसायची, रस्ता दुरुस्त करायचा, आणि त्या कामाच्या मोबदल्यात कपडे न्यायचे, अशी पद्धत. घेणाऱ्याला हात पसरावा लागत नाही, हा तिचा गाभा. आमच्यासारख्या लहान संस्थांना गावोगावची अशी यंत्रणा उभी करणं परवडत नाही, म्हणून आम्ही तीच गोष्ट दुकानातून साधायला बघतो. वीस रुपये देऊन शर्ट घेणारा हमाल रंग बघतो, कॉलर बघतो, 'हा नको, तो दाखवा' म्हणतो. फुकट मिळणाऱ्या रांगेत असं म्हणायची सोय नसते.

ही दुकानाची कल्पना परदेशी आहे आणि शंभराहून जास्त वर्षं जुनी आहे. बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स नावाच्या पाद्र्याने १९०२च्या सुमारास सुखवस्तू घरांतून जुन्या वस्तू गोळा केल्या, बेकार माणसांकडून त्या दुरुस्त करून घेतल्या आणि विकल्या. मजुरी त्यातून निघाली. पुढे त्याचीच 'गुडविल' झाली. ब्रिटनमधला एक नियम मला फार शिकण्यासारखा वाटतो. तिथे देणगीवर संस्थेला सरकारकडून कराची जोड रक्कम मिळते, पण ती पैशाच्या देणगीवर, वस्तूवर नाही. म्हणून काही दुकानं तुमची वस्तू तुमच्या वतीने विकतात, मग पत्र पाठवून कळवतात की तुमच्या सामानाचे इतके पाउंड आले, ते संस्थेने ठेवावेत ना? तुम्ही 'नाही' म्हणू शकता. बहुतेक जण म्हणत नाहीत. पण ज्याने दिलं त्याला आकडा कळतो. पुण्यात अशी सक्ती कुणावर नाही, पण पिशवीवर क्रमांक घालून महिन्याअखेर एक व्हॉट्सअ‍ॅप संदेश पाठवायला कायदा लागत नाही.

आता शालूच्या किमतीकडे येते, कारण तुमचा राग मला वाटतं विक्रीपेक्षा त्या अठराशेच्या चिठ्ठीवर जास्त आहे. 'गरिबांसाठी दिलं आणि अठराशेला लावलं!' ताई, शालू गरीब बाई पन्नास रुपयांनाही घेणार नाही, ती नेसणार कुठे? पन्नासाला लावला तर तो दुपारच्या आत जाईल, आणि नेणारा असेल जुन्या जरीचा व्यापारी किंवा त्याने पाठवलेला माणूस. खरी जर म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. कापड विरलं तरी चांदी राहते आणि ती काढून घेणारे लोक आहेत. साडी जाळली की राखेतून चांदी निघते. त्यामुळे साडीची जर खरी आहे की 'टेस्टेड', म्हणजे नकली, हे ओळखणारं एक माणूस निवडणीला असायलाच हवं. ते नसेल तर संस्थेच्या भोळेपणावर तिसराच कमावतो.

बंबाचंही तसंच. मोडीच्या भावाने तांब्याचे किलोवर पैसे येतात. तोच बंब चिंच लावून घासून, तोटी आणि नळी शाबूत असताना, वाड्याचा थाट करणाऱ्या हॉटेलवाल्याला किंवा सजावटकाराला दाखवला तर मोडीच्या कितीतरी पट किंमत येते. तांबट आळीतल्या एखाद्या जाणत्या कारागिराला विचारलं की घडणावळ जुनी आहे का, हाताच्या ठोक्याची आहे का, हे तो बघताच सांगतो. हे न विचारता भंगाराच्या टेम्पोत बंब टाकणारी संस्था मला अठराशेची चिठ्ठी लावणाऱ्या संस्थेपेक्षा जास्त दोषी वाटते. वस्तू आपली नाही, ती ज्यांच्या नावाने घेतली त्यांची आहे. ती स्वस्तात सोडणं म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

खरी कीड वेगळ्याच ठिकाणी असते आणि तिच्याबद्दल देणारे कधीच विचारत नाहीत. ती पहिल्या निवडीत असते. पिशवी उघडते तेव्हा टेबलाभोवती चार-पाच जण असतात: कामाला असलेल्या बायका, हौशी स्वयंसेवक, कधी विश्वस्तांच्या घरचं कुणी. 'अय्या, ही पैठणी किती छान, मी घेऊ का? शंभर रुपये टाकते डब्यात.' तळे राखील तो पाणी चाखील, हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की त्यात कुणाला चोरी दिसतच नाही. शंभर रुपये टाकलेसुद्धा! मग विक्री केंद्रात जे टांगलं जातं ते गाळात उरलेलं असतं, आणि विश्वस्तांच्या बैठकीत चर्चा होते की पुणेकर हल्ली चांगल्या वस्तू देत नाहीत.

यावर आमच्याकडे काही बंधनं आहेत. निवडणाऱ्याने किंमत लावायची नाही, ते दुसऱ्याने करायचं. वस्तू आठवडाभर सगळ्यांसमोर टांगलेली राहिली पाहिजे, त्याआधी संस्थेच्या माणसाला ती घेता येत नाही. नंतर घ्यायची तर त्याच किमतीला, पावती करून. विश्वस्त आणि त्यांच्या घरच्यांना अजिबात नाही, आठवड्यानंतरही नाही. या शेवटच्या कलमावरून आमच्याकडे चांगलीच वादावादी झाली होती, पण ते टिकलं. निवडणाऱ्या बायकांचा पगार मात्र तुटपुंजा असतो, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या रेशमाच्या घड्या घालणाऱ्या बाईला 'हात लावायचा नाही' एवढंच सांगणं हाही अन्यायच. म्हणून दिवाळीला प्रत्येकीने एक वस्तू निवडायची, फुकट, नोंदवहीत लिहून. लिहिलं की ते घेणं उजळ माथ्याने होतं.

व्हीलचेअरवर मी का अडते ते सांगते. साडी, बंब, पुस्तकं यांचे पैसे होऊन त्या पैशातून गरज भागते. व्हीलचेअर, वॉकर, हवेची गादी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर या वस्तू स्वतःच गरज आहेत, आणि ती गरज एका घरात दोन-चार महिन्यांची असते. पुण्यात कितीतरी गणेश मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ आणि ट्रस्ट हे साहित्य अनामत रक्कम घेऊन वापरायला देतात आणि परत आल्यावर अनामत परत करतात. एक खुर्ची अशी वर्षानुवर्षं घरोघर फिरते. ती एकदाच विकून हजार-दोन हजार घेणं म्हणजे दुभती गाय खाटकाला देणं. तुमच्या संस्थेकडे असं साहित्य केंद्र नसेल तर त्यांनी तुम्हाला तसं सांगून ज्यांच्याकडे आहे त्यांचा पत्ता द्यायला हवा होता.

औषधांचा तर प्रश्नच नाही. परवान्याशिवाय औषध विकता येत नाही, आणि उघडलेली पाकिटं वाटूही नयेत. रुग्णाला एकदा दिलेलं औषध परत घेऊन दान करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक सूचना १९९६पासून सांगते. तरी प्रत्येक पिशवीत अर्ध्या स्ट्रिप्स असतातच.

हिशेबाबद्दल थोडं, कारण इथे देणाऱ्याच्या हातात खरी ताकद आहे. वस्तूंच्या देणगीवर आयकराची सवलत, जिला सगळे ८०जी म्हणतात, ती मिळत नाही. ती पैशाच्याच देणगीवर आहे, आणि रोखीत २,००० रुपयांच्या वर गेलात तर तिथेही नाही. कुणी तुमच्या जुन्या सोफ्याची 'पाच हजारांची ८०जी पावती देतो' म्हणाला, तर सोफा घरातच ठेवा. संस्थेने वस्तूंची पोच द्यावी, त्यात काय काय दिलं ते लिहिलेलं असावं आणि खाली एक ओळ: वाटणार, विकणार की दोन्ही. पक्कं विक्री केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टला त्याचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली तर जीएसटीची नोंदणी लागते, 'आम्ही धर्मादाय' म्हणून वस्तूंच्या विक्रीला सूट नाही. शिवाय १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टने लेखापरीक्षण केलेले हिशेब दरवर्षी धर्मादाय कार्यालयाला द्यायचे असतात. तेव्हा 'विक्रीतून वर्षाला किती आले आणि कशावर गेले' हा प्रश्न उद्धट नाही. ज्याच्याकडे आकडा तयार असतो तो लगेच सांगतो.

दुकानात न खपलेल्याचं काय होतं, हेही विचारा. सुती चिंध्या भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये यंत्रं पुसायला किलोवर जातात. मऊ जुन्या साड्या आणि धोतरं गोधडी शिवणाऱ्या बायका आवडीने नेतात. लोकर पानिपतच्या गिरण्यांपर्यंत पोहोचते, तिथे जुनी लोकर पिंजून तिचं सूत आणि ब्लँकेटं होतात. श्रीमंत देशांतले टाकून दिलेले स्वेटरसुद्धा कांडला बंदरातून तिथे येतात. पॉलिएस्टरचं मात्र कुणालाच काही नको असतं. ते पाणी पीत नाही, पुसायला उपयोग नाही, आणि शेवटी कचऱ्यातच जातं. ब्रिटन-अमेरिकेतल्या संस्था आपलं न खपलेलं गाठींनी आफ्रिकेला पाठवतात. घानात आक्राच्या कांतामांतो बाजारात त्या गाठी फुटतात, आणि निरुपयोगी निघेल तेवढं तिथल्या गटारांत आणि समुद्रकिनाऱ्यावर जातं. रवांडाने २०१६मध्ये जुन्या कपड्यांवरची जकात बारापटीहून जास्त वाढवली, तर २०१८मध्ये अमेरिकेने रवांडाच्या तयार कपड्यांची करसवलत थांबवली. दान म्हणून निघालेल्या शर्टाचं व्यापारयुद्ध झालं. आपल्याकडे ते अंतर कमी आहे इतकंच. आपलं उरलेलं उरुळी-फुरसुंगीच्या कचरा डेपोच्या वाटेला लागतं.

आणखी एक गोष्ट, खास पुण्याची. आपल्याकडे जुन्या वस्तूंवर पोट असणारे लोक आधीपासून आहेत. बोहारीण तुमच्या दोन पँटी आणि साडीवर एक पातेलं देते, घासाघीस करते, मग ते कपडे धुऊन, टाके घालून बाजारात जातात. कचरावेचक बाया कागद, काच, पत्रा यांवर घर चालवतात. १९९३ साली त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली, आणि ती सोसायट्यांमधून जुनं सामान गोळा करण्याच्या मोहिमाही घेते. आमच्यासारख्या संस्थेने सुस्थितीतली रद्दी आणि भंगार फुकटात उचलून विकणं म्हणजे एका गरिबाच्या ताटातलं काढून दुसऱ्याच्या ताटात वाढणं, आणि वर त्याला पुण्य म्हणणं. आम्ही रद्दी-भंगार घेणं बंद केलं त्याला हेच कारण. नेहमीच्या वापरातले धड कपडे असतील तर मी सरळ सांगते, बोहारणीला द्या. पातेलं मिळालं म्हणून दान कमी होत नाही.

निवडणीत कपड्यांबरोबर दुसरंही बरंच येतं. कोटाच्या आतल्या खिशात पेन्शनच्या नोटा, परकराच्या नाडीच्या शिवणीत मणी, पोथीत ठेवलेली मुदत ठेवीची पावती. जुन्या फोनमध्ये तर अख्खं घर असतं. अशा गोष्टी परत करता याव्यात म्हणून पिशवीवर क्रमांक आणि फोन नंबर हवा, आणि किमती ऐवज सापडला तर दोघांच्या सह्यांनी नोंद हवी. 'खिशात काही सापडलं तर काय करता?' एवढा एकच प्रश्न संस्थेला विचारा. जिथे हे खरंच घडतं तिथली बाई तुम्हाला लगेच वही काढून दाखवेल.

तुमच्या संस्थेला एक फोन करा. भांडायला नव्हे. शालू परत हवा असेल तर तसं सांगा, विकला गेला नसेल तर शहाणी संस्था तो एक रुपया न घेता देईल. घेत असतील तर उत्तर मिळालंच. नको असेल तर त्यांना एवढंच म्हणा की पोचपावतीवर विक्रीची ओळ छापा. तुमच्यासारख्या दहा जणी म्हणाल्या की छापतील. ही ओळ छापली तर लोक द्यायचे थांबतील अशी भीती आमच्याही विश्वस्तांना होती. थांबले ते थोडे, आणि जे थांबले त्यांच्या पिशव्यांत एका पायाच्या चपला जास्त असायच्या, असं आमच्या निवडणीच्या बायकांचं मत आहे.

आता पुस्तकं. चार कपाटं एका ठिकाणी देऊ नका, आधी घरीच वेगळी करा. स्पर्धा परीक्षांची चालू आवृत्ती असेल तर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये मुलं हातोहात नेतात, पण जुन्या वर्षाच्या चालू घडामोडी ही रद्दी आहे, ती कुणा विद्यार्थ्याच्या माथी मारू नका. क्रमिक पुस्तकं अभ्यासक्रम बदलला की गेली. कथा-कादंबऱ्या गावच्या किंवा शाळेच्या वाचनालयाला, पण आधी यादी पाठवून. त्यांच्याकडे आईच्या पिढीच्या लोकप्रिय कादंबऱ्यांच्या प्रती आधीच तीन-तीन असतात. जुने ग्रंथ, हस्तलिखितं, मोडी लिपीतले कागद, शंभर वर्षांपूर्वीची नियतकालिकं यातलं काही निघालं तर ते आमच्यासारख्यांकडे आणूच नका. भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा भांडारकर संस्था यांना पहिल्या पानाचे फोटो काढून विचारा, ते सगळं घेत नाहीत. उरेल ते अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेणाऱ्याला विका आणि आलेले पैसे ज्या संस्थेला द्यायचे तिला द्या. त्याची ८०जी पावती मिळते. दिवाळी अंकांचे गठ्ठे मात्र फोन न करता कुणाच्याही दारात ठेवून येऊ नका. आमच्या तर मुळीच नको, माळा भरलेला आहे.